धंद्यासाठी डिग्री लागते का? 'कॉलेज सोडलेल्या अब्जाधीशां'च्या गोष्टीत काय सांगायचं राहून जातं

दहावी-बारावीचे निकाल लागले की व्हॉट्सॲपवर एक पोस्ट हमखास फिरते. बिल गेट्स यांनी कॉलेज सोडलं, मार्क झुकरबर्ग यांनी सोडलं, धीरूभाई अंबानी तर फक्त मॅट्रिक होते. खाली एक ओळ असते : 'टॉपर नोकरी करतात, नापास झालेले त्यांना नोकरी देतात.'

पोस्ट वाचून हसून सोडून देणारे पुष्कळ असतात. पण एखाद्या घरात त्याच आठवड्यात खरंच वाद चाललेला असतो. मुलगा म्हणतो, "बी.कॉम.ची उरलेली दोन वर्षं वाया कशाला घालवू? तेवढ्यात दुकान सेट होईल." आई-वडील म्हणतात, "आधी डिग्री पूर्ण कर, मग काय करायचं ते कर." मुलीच्या बाबतीत तर हा वाद बऱ्याचदा सुरूही होत नाही, निर्णय आधीच झालेला असतो.

यात बरोबर कोण? उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. पण या विषयावर जगभरात झालेले अभ्यास आणि आपल्या ओळखीच्या उद्योजकांचा इतिहास पाहिला, तर बऱ्यापैकी स्पष्ट चित्र समोर येतं.

कॉलेज सोडलं खरं, पण कधी आणि काय हातात असताना?

आधी त्या पोस्टमधली नावं तपासू.

बिल गेट्स यांनी १९७५ साली हार्वर्ड सोडलं. पण संगणकाशी त्यांची ओळख त्याआधी सात वर्षांची होती. सिएटलमधल्या लेकसाइड या खाजगी शाळेत १९६८ मध्ये संगणकाला जोडलेलं टर्मिनल आलं, तेव्हा गेट्स १३ वर्षांचे होते. त्या काळी अमेरिकेतही फार थोड्या शाळांत अशी सोय होती. म्हणजे कॉलेज सोडताना त्यांच्याकडे हजारो तासांचा सराव, पॉल ॲलनसारखा जोडीदार आणि विकता येईल असं काम होतं.

झुकरबर्ग यांनी २००४ मध्ये हार्वर्ड सोडलं, तेव्हा फेसबुक सुरू होऊन एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात पसरत होतं. धंदा आधी चालू झाला आणि कॉलेज नंतर सुटलं, हा क्रम पोस्टमध्ये कुणी लिहीत नाही.

स्टीव्ह जॉब्स रीड कॉलेजात एकच सत्र अधिकृतपणे शिकले. पण त्यानंतरही ते काही महिने तिथल्या आवडीच्या वर्गांना जाऊन बसत होते. ॲपलचे पहिले संगणक ज्यांनी बनवले, त्या स्टीव्ह वॉझनियाक यांनीही शिक्षण मध्येच थांबवलं होतं, पण ते त्या वेळी एचपी कंपनीत इंजिनिअर म्हणून काम करत होते. पुढे ॲपल मोठी झाल्यावर ते परत कॉलेजात गेले आणि १९८६ साली त्यांनी पदवी घेतली.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्यांनी कॉलेज सोडून धंदा केला आणि तो बुडाला, त्यांच्यावर कुणी रील बनवत नाही. लॉटरी लागलेल्या दहा जणांच्या मुलाखती घेतल्या, तर 'तिकीट काढा, पैसे मिळतात' असंच उत्तर येईल. तिकीट फुकट गेलेली माणसं त्या मुलाखतीत नसतात. कॉलेज सोडलेल्या यशस्वी माणसांची यादीही अशीच बनते.

मग धीरूभाई? ते तर खरंच मॅट्रिक होते

होय. गुजरातमधल्या चोरवाडचे धीरूभाई मॅट्रिक होऊन तरुणपणीच एडनला गेले. तिथे ए. बेस अँड कंपनी या मोठ्या व्यापारी पेढीत त्यांनी नोकरी केली. माल कुठून येतो, कागदपत्रं कशी होतात, भाव कसा ठरतो, हे त्यांनी तिथे कामातून पाहिलं. १९५८ च्या सुमारास ते मुंबईत परतले आणि मसाले, मग सुताच्या व्यापारात उतरले. एडनमधली ती वर्षं हीच त्यांची शाळा होती, फक्त तिथे फी भरण्याऐवजी पगार मिळत होता.

पुढचा भागही पाहा. धीरूभाईंचे थोरले चिरंजीव मुकेश मुंबईच्या माटुंग्यातल्या यूडीसीटीमधून, म्हणजे आजच्या आयसीटीमधून, केमिकल इंजिनिअर झाले. त्यानंतर ते स्टॅनफर्डला एमबीए करायला गेले. १९८० मध्ये तो अभ्यासक्रम अर्धवट ठेवून ते परतले, कारण रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला पॉलिस्टरचा कारखाना उभा राहायचा होता. सुताचा व्यापार बाजारातल्या अनुभवावर करता आला. सूत तयार करायचा रासायनिक कारखाना उभारताना मात्र त्या विषयाचं शिक्षण घेतलेली माणसं हवी होती.

घनश्यामदास बिर्ला यांचंही तसंच. त्यांची शाळा लहानपणीच सुटली. पण मारवाडी पेढीवर हिशेबाचं जे शिक्षण मिळतं, ते कडक असतं. बिर्लांच्या उद्योगात 'पडता' नावाची पद्धत प्रसिद्ध होती. कारखान्यात खर्च किती झाला, नफा किती झाला, अपेक्षेपेक्षा कमी की जास्त, याचा रोजच्या रोज हिशेब त्यात मांडला जाई. महिनाअखेरीची वाट पाहायची नाही. ज्या माणसाची शाळा सुटली, त्याच्या घरात हिशेबाचं शिक्षण असं रोज चालू होतं.

याच बिर्लांनी पिलानीला मोठी शिक्षणसंस्था उभी केली. १९६४ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ती 'बिट्स पिलानी' म्हणून ओळखली जाऊ लागली. पुण्याच्या भारत फोर्जचे बाबा कल्याणी तिथूनच इंजिनिअर झाले आणि नंतर अमेरिकेतल्या एमआयटीत शिकले. शाळा सुटलेल्या माणसाला शिक्षण निरुपयोगी वाटलं असतं, तर त्याने ते कॉलेज बांधलं नसतं.

किर्लोस्कर : बाप ड्रॉइंगचा शिक्षक, मुलगा एमआयटीचा इंजिनिअर

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही, हे लक्षात आल्यावर चित्रकार व्हायचं राहिलं. मग ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले. यंत्राचा प्रत्येक भाग कागदावर काढता येणं, हे त्यांच्या हातातलं कौशल्य होतं.

बेळगावात त्यांनी सायकलचं दुकान टाकलं, नंतर लोखंडी नांगर बनवला. सुरुवातीला नांगर खपेना. लोखंडामुळे जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती मोडायला वेळ गेला. १९१० साली औंध संस्थानाच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी उभी राहिली.

लक्ष्मणरावांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. पण मुलाला, शंतनुरावांना, त्यांनी थेट एमआयटीला पाठवलं. शंतनुराव १९२६ मध्ये तिथून मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि पुढे किर्लोस्कर समूह पंप आणि ऑइल इंजिनांमध्ये खूप मोठा झाला.

अंबानी काय, किर्लोस्कर काय, बऱ्याच उद्योगघराण्यांत हाच नमुना दिसतो. पहिली पिढी कामातून शिकते आणि दुसऱ्या पिढीला आवर्जून शिकवते. ज्याने धंदा स्वतः उभा केला, त्याला आपल्याला काय कमी पडलं हे सगळ्यात चांगलं माहीत असतं.

लिज्जतच्या सात बायका आणि एक वही

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. मॅनेजमेंट शिकलेलं त्यांच्यात कुणी नव्हतं. आज 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' हे नाव देशभर माहीत आहे. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

'बघा, शिक्षण नसताना केलं' असं म्हणून ही गोष्ट संपवली जाते. पण त्यांना पैसे देणारे आणि मार्गदर्शन करणारे छगनलाल पारेख, म्हणजेच छगनबापा, यांनी सुरुवातीलाच दोन गोष्टींचा आग्रह धरला. एक, स्वस्तातला हलका माल काढायचा नाही. दोन, हिशेब चोख लिहायचा आणि हे काम उपकार म्हणून नाही तर धंदा म्हणून करायचं. या बायकांना पदवी नव्हती, पण ज्याला धंदा कळतो असा माणूस पहिल्या दिवसापासून सोबत होता आणि त्यांनी त्याचं ऐकलं.

अभ्यास काय सांगतात?

मोठ्या नावांच्या गोष्टी बाजूला ठेवू आणि सामान्य व्यावसायिकांवर झालेली संशोधनं पाहू.

शाळेचं प्रत्येक वर्ष मोजलं जातं. विकसनशील देशांतल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की शिक्षणाचं एक जादा वर्ष झालेल्या व्यावसायिकाचं धंद्यातलं उत्पन्न सरासरी ५.५ टक्क्यांनी जास्त असतं. स्त्रियांच्या बाबतीत हा फायदा पुरुषांपेक्षा अधिक होता. 'मुलीला कशाला एवढं शिकवायचं, तिला कुठे धंदा करायचाय' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अर्थात ही सरासरी आहे, प्रत्येकाला मिळणारी हमी नाही.

धंद्याला अनुभव लागतो. अमेरिकेत नवीन कंपन्या काढणाऱ्या लाखो लोकांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. सगळ्यात वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचं कंपनी सुरू करतानाचं सरासरी वय ४५ निघालं. ज्यांनी त्याच क्षेत्रात आधी काम केलं होतं, त्यांच्या यशाची शक्यता स्पष्टपणे जास्त होती. विशीतला कॉलेज सोडलेला मुलगा हा अपवाद आहे, म्हणूनच तो बातमी होतो.

चालू कारखान्यालाही शिकण्याचा फायदा होतो. हा प्रयोग आपल्या दारातला आहे. मुंबईजवळ तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड कारखान्यांत संशोधकांनी काही मालकांना व्यवस्थापन सल्लागार फुकट दिले. सल्ला साधाच होता : मशीन बिघडण्याआधी देखभाल करा, सुताचा साठा नीट लावून नोंदवा, कापडातले दोष रोज लिहा, कारणं शोधा. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. हे मालक नवशिके नव्हते, त्यांचे कारखाने चालू होते. काही पद्धती त्यांना माहीत नव्हत्या आणि काहींनी फायदा होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

पण कुठलंही शिक्षण चालत नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या दुकानदारांच्या एका गटाला पुस्तकी अकाउंटिंग शिकवलं, दुसऱ्या गटाला सोपे ठोकताळे. उदाहरणार्थ, घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळ्या ड्रॉवरमध्ये ठेवा. पुस्तकी अकाउंटिंगचा फारसा परिणाम दिसला नाही, ठोकताळे मात्र लोकांनी वापरले आणि हिशेब सुधारले. आफ्रिकेतल्या टोगो देशातही असंच झालं. नेहमीच्या व्यवसाय प्रशिक्षणापेक्षा, स्वतः पुढाकार घ्यायला आणि अडचण आली तरी चिकाटी धरायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणाने छोट्या व्यावसायिकांचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला.

म्हणजे शिकण्याचा फायदा होतो, पण जे शिकलं ते दुसऱ्या दिवशी दुकानात वापरता आलं पाहिजे. आपल्याकडच्या अनेक पदव्यांवर लोक रागावतात ते इथेच. तीन वर्षं कॉमर्स शिकून पहिलं बिल बनवताना हात थरथरत असेल, तर तक्रार खोटी नाही.

काही धंद्यांत कागद लागतोच

वाद कितीही घातला तरी काही ठिकाणी कायदा स्पष्ट आहे.

* मेडिकल स्टोअर : मालक कुणीही असू शकतो, पण औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यावी लागतात. स्वतः डी.फार्म. किंवा बी.फार्म. नसाल, तर त्याचा पगार खर्चात धरा. दुसऱ्याचं सर्टिफिकेट भिंतीला लावून दुकान चालवणं बेकायदेशीर आहे.
* कृषी सेवा केंद्र : कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी कृषी, रसायनशास्त्र अशा विषयांतली ठरावीक पात्रता लागते.
* सरकारी योजनेतून कर्ज : मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात १० लाखांवरच्या प्रकल्पासाठी सातवी पास आणि २५ लाखांवरच्या प्रकल्पासाठी दहावी पास ही अट आहे. केंद्राच्या पीएमईजीपी योजनेत उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांवर किंवा सेवेचा प्रकल्प ५ लाखांवर असेल, तर आठवी पास लागते.

गंमत पाहा, कर्जासाठी सरकारही पदवी मागत नाही. पण आठवीच्या आत शाळा सुटली असेल, तर मोठ्या प्रकल्पाचं दार बंद होतं. शाळा सोडण्याची किंमत कॉलेज सोडण्यापेक्षा खूप जास्त आहे, हे या अटींतूनही दिसतं.

धंद्याला नेमकं कोणतं शिक्षण लागतं?

१. हिशेब. एक साधं उदाहरण घ्या. १०० रुपयांची वस्तू तुम्ही १२० ला विकता. नफा २० रुपये. शेजारच्याने सेल लावला म्हणून तुम्हीही १० टक्के सूट दिली. किंमत झाली १०८, नफा ८ रुपये. सूट दहा टक्के दिली, पण नफा ६० टक्क्यांनी घटला. आधी १०० नगांत जे २,००० रुपये मिळत होते, ते मिळवायला आता २५० नग विकावे लागतील. भाडं, वीजबिल आणि पोराचा पगार त्यातूनच जायचा. हे गणित सातवीच्या पुस्तकातलं आहे. ते न केल्यामुळे गर्दी असलेली दुकानंही बंद पडतात.

२. उधारी आणि कायदा. तुमची नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल आणि तुम्ही उत्पादन किंवा सेवा पुरवत असाल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार ग्राहक कंपनीने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. हे माहीत असलेला वर्कशॉपवाला वसुलीला जाताना वेगळ्या आवाजात बोलतो.

३. कामाचं ज्ञान. बेकरी टाकायची असेल तर भट्टीसमोर उभं राहून, गॅरेज टाकायचं असेल तर हात काळे करून शिकावं लागतं. आयटीआय, डिप्लोमा किंवा चांगल्या कारागिराच्या हाताखालची दोन वर्षं, वाट कुठलीही चालेल.

४. माणसं. ग्राहकाशी बोलणं, भाव ठरवणं, कामगार टिकवणं, बँकेत मॅनेजरसमोर आपला प्रकल्प मांडणं. कॉलेजचा इथे एक उपयोग होतो, तो म्हणजे ओळखी. पुढे भागीदार, पुरवठादार किंवा पहिला ग्राहक बऱ्याचदा वर्गमित्रच निघतो.

कॉलेज सोडायच्या आधी स्वतःला विचारा

* मी सुरू करणार तो धंदा आज छोट्या प्रमाणात तरी चालू आहे का? ओळखीच्या बाहेरच्या कुणी पैसे देऊन माल घेतला आहे का?
* गेल्या तीन महिन्यांचा जमाखर्च माझ्याकडे लिहिलेला आहे का?
* या धंद्यात मी कुणाकडे तरी किमान काही महिने काम केलं आहे का?
* वर्षभर नफा झाला नाही, तर घर कशावर चालेल?
* धंदा बंद पडला, तर परत शिकायला कसं जाता येईल?

पाचपैकी चार प्रश्नांची उत्तरं ठाम असतील, तर आई-वडिलांसमोर बोलायला तुमच्याकडे मुद्दे आहेत. नसतील, तर तुम्हाला कदाचित धंदा सुरू करायचा नसून फक्त कॉलेजचा कंटाळा आला आहे. कंटाळा येणं चूक नाही, पण त्यावर कर्ज काढू नये.

पालकांनीही एक प्रश्न स्वतःला विचारावा. लाखो रुपये फी भरून जी पदवी घ्यायची, तिच्यातून वर दिलेल्या चार गोष्टींपैकी काय मिळणार आहे? काहीच मिळणार नसेल, तर मुलाचा हट्ट अगदीच वेडेपणाचा नाही.

आणि मधला रस्ता आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून काम सांभाळून पदवी घेता येते. बँकांच्या मदतीने जिल्ह्याजिल्ह्यांत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, ग्रामीण तरुणांना राहण्या-जेवणासह मोफत प्रशिक्षण देतात. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे वर्गही जिल्ह्यांत होतात. सकाळी दुकान आणि संध्याकाळी अभ्यास हे जड जातं, पण यात दोन्हींपैकी एकाचं दार बंद करावं लागत नाही.

डिग्री नसताना धंदा होतो, याची उदाहरणं खरी आहेत. पण त्या प्रत्येक उदाहरणात माणूस कुठेतरी शिकत होता : एडनच्या पेढीवर, वडिलांच्या गादीवर, व्हीजेटीआयच्या ड्रॉइंग बोर्डवर किंवा छगनबापांच्या वहीत. तुमच्या घरातला वाद पुन्हा सुरू झाला, तर 'डिग्री हवी की नको' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. 'कॉलेजात नाही शिकणार, तर कुठे आणि कुणाकडे शिकणार?' हे विचारा. या प्रश्नाला एखाद्या जागेचं आणि एखाद्या माणसाचं नाव घेऊन उत्तर देता येत असेल, तर पुढचं बोलणं सोपं होतं.